बोलतो कमी, पण चालतं त्याचंच!

यवतमाळला आमचा स्नूकर चालायचा तो रेफरीशिवाय. त्यामुळे अर्धा खेळ टेबलवर आणि अर्धा भांडणात. 'बाही लागली बे बॉलले!' 'काहून? कुठं लागली?' हरणाऱ्यानं टेबलचे पैसे द्यायचे, मग माघार कोण घेणार? या एका बाहीपायी आमच्या ग्रुपमधले दोन जिगरी दोस्त महिनाभर एकमेकांशी बोलले नव्हते. पुढे टीव्हीवर मॅचेस बघायला लागले, तेव्हा कळलं आमच्याकडे काय कमी होतं ते. पांढरे हातमोजे घातलेला एक शांत माणूस!

आता बघा, हा माणूस बोलतो तरी काय? पहिला रेड पॉकेटमध्ये गेला की 'वन'. पाठोपाठ ब्लॅक गेला, तर 'सेव्हन' नाही, 'एट'. म्हणजे तो फ्रेमचा स्कोअर नाही, तर चालू ब्रेकची बेरीज पुकारत असतो. १५ रेड, प्रत्येकामागे ब्लॅक आणि शेवटी सहा रंग... १४७ च्या ब्रेकमध्ये आकडा ३६ वेळा वाढतो. एकही चुकून चालत नाही, बॉस!

चूक झाली की 'फाऊल' आणि पुढे आकडा. कमीत कमी ४, जास्तीत जास्त ७. हे पॉइंट्स जातात समोरच्याला. 'फाऊल अँड अ मिस' म्हटलं, तर समजायचं की रेफरीच्या मते प्रयत्न पुरेसा नव्हता. मग समोरचा बॉल पुन्हा जागेवर ठेवायला लावून तोच शॉट पुन्हा खेळायला सांगू शकतो. बॉल सरळ समोर दिसत असताना दोनदा असं झालं, तर रेफरी ताकीद देतो. तिसऱ्यांदा चुकलात, तर फ्रेमच गेली!

खरा फंडा आहे तो त्याच्या गप्प राहण्यात. खेळाडू चुकीच्या बॉलवर नेम धरतोय हे दिसत असलं, तरी रेफरीनं त्याला सावध करायचं नाही. रंगांधळ्या खेळाडूनं विचारलं, तर बॉलचा रंग मात्र तो सांगू शकतो. २००२ चा वर्ल्ड चॅम्पियन पीटर एब्डन रंगांधळाच आहे.

२०१० मध्ये ग्लासगोला रॉनी ओसुलिव्हन १४० वर थांबला. १४७ ला वेगळं बक्षीस नाही म्हटल्यावर शेवटचा ब्लॅक सोडून त्यानं चक्क हात मिळवायला सुरुवात केली. तेव्हा रेफरी यान व्हरहास यांनी त्याला प्रेक्षकांसाठी तेवढा बॉल मारायला लावला. आणि १४७ झाले!

१८७५ च्या सुमारास आपल्या शेजारच्या जबलपुरात, ब्रिटिश अफसरांच्या मेसमध्ये जन्मलेला हा खेळ. रेफरीला दिसला नसला, तरी आपला फाऊल आपणच सांगायचा, ही यातली जुनी रीत. ती जमेपर्यंत एक सोपा उपाय आहे. या वीकएंडला क्लबात तिघं जा. दोघांनी खेळायचं आणि तिसऱ्यानं फक्त आकडे पुकारायचे. टेबलचे पैसे कुणीही भरो, दोस्ती तरी टिकेल!