ठेक्यावरचा वाघ

जंगलात मोबाइल काढू नका, हे सांगायला या देशात सर्वोच्च न्यायालय लागलं. १७ नोव्हेंबर २०२५च्या निकालानं व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात पर्यटकांना मोबाइल वापरायला मनाई केली आणि रात्रीची सफारीही बंद केली. ताडोबात मोबाइलबंदी त्याआधीच होती, पण नियम आणि त्याचं पालन यांची आपल्याकडे क्वचितच गाठ पडते. निकालाची बातमी आमच्या जुन्या कंपनीच्या ग्रुपवर आली, तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘‘मग जायचं कशाला?’’ विचारणारा माणूस एके काळी माझ्याबरोबर ताडोबाच्या मोहर्ली गेटवर पहाटे कुडकुडत उभा राहायचा. तो प्रश्न मला लागला.

उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल; सुरुवातीची वर्षं लवकर उरकतो. नव्वदच्या दशकात पिंपरी-चिंचवडकरांचं वन्यजीवन म्हणजे पेशवे पार्क, पुढे कात्रज, आणि घराजवळ चिंचवडच्या संभाजीनगरातलं बहिणाबाई चौधरी प्राणिसंग्रहालय. कुणाला फारच हौस असली तर चाकण-राजगुरुनगरमार्गे भीमाशंकरला शेकरू बघायला. बापाला कारखान्याची गुरुवारची सुट्टी आणि मुलांना शाळेची रविवारची, त्यामुळे अख्खं घर एकत्र बाहेर पडणं दिवाळीतच. त्या काळाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

खरी मजा त्याच्याही पुढच्या दशकात आली. २००९ साली चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने सुरू झाले, मागोमाग महिंद्राचा. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्या खराबवाडी, निघोजे, म्हाळुंगे इथे भराभर उभ्या राहिल्या आणि त्यांत विदर्भातली पोरं भरली. आमच्या लाइनवर वरोऱ्याचा एक जण होता. डब्यात झणझणीत वांग्याची भाजी, तोंडात कायम ताडोबा. ‘‘वाघ दिसन तं दिसन, नाही तं जंगल तं हाये ना!’’ हे त्याचं ब्रीद. त्याच्या नादानं आम्ही जायला लागलो. पुण्याहून संध्याकाळची आझाद हिंद, सकाळी वर्धा, तिथून वरोरा, भद्रावती, मोहर्ली. रजा मागताना मंगळवार टाळायचा, कारण त्या दिवशी ताडोबा बंद.

१९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे जंगल मे महिन्यात भाजून निघतं. साग निष्पर्ण, बांबू वाळलेला, मोहाखाली अस्वलांची वर्दळ. चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशीच्या पुढे. पण पाणी आटलं की जनावर पाणवठ्यावर येणारच, म्हणून जाणकार त्याच दिवसांत जातात. जिप्सीत आम्ही सहा जण, पुढे चालक आणि गाइड. गाइडशिवाय आत सोडत नाहीत, हा नियम तेव्हाही होता.

आमचा गाइड गाभा क्षेत्रातून उठवलेल्या गावातला होता. नवेगाव २०१३ साली उठलं, जामणी २०१४ साली. जिथे आता चितळांचे कळप चरतात, तिथे याचं अंगण होतं. एके सकाळी त्यानं गाडी थांबवायला सांगितली, इंजिन बंद केलं आणि धुळीत बोट दाखवलं. आमच्या पुढे गेलेल्या जिप्सीच्या टायरची नक्षी होती आणि त्या नक्षीवर पंजा उमटलेला होता. ‘‘गाडी गेली, मग ती गेली,’’ तो म्हणाला. ती कशावरून? ठसा लांबट, बोटं निमुळती. नराचा चौकोनी आणि भरदार असतो. मग दहा मिनिटं कुणी बोललं नाही. एक भेकर भुंकलं, वरून वानरानं खाकरून दुजोरा दिला. वाघीण दिसली नाही. त्यानं मग ऐनाच्या सालीवर हात ठेवायला लावला, ताडोबा तलावाच्या काठावर वाघाशी लढताना मेलेल्या आणि पुढे देव झालेल्या तारूची गोष्ट सांगितली, पौषातल्या जत्रेची सांगितली. मारुती चितमपल्लींच्या पुस्तकांत वाचलेलं जंगल आमच्यापुढे हा माणूस बोलून उभं करत होता. चितमपल्ली जून २०२५ मध्ये गेले. तसं बोलणारे गाइड त्याआधीच गप्प झाले होते.

गप्प केले कुणी? आमच्यासारख्यांनीच, आणि इथे मला काही जुने हिशेब चुकते करायचे आहेत. दशक संपत आलं तसे आमच्या कंपनीचे साहेबलोकही जंगलात येऊ लागले. वाघडोह, माया, माधुरी ही वाघ-वाघिणींची नावं क्रिकेटपटूंसारखी त्यांच्या तोंडी. चिंचवडच्या एका सहलवाल्यानं ‘हमखास व्याघ्रदर्शन’ छापलं. गाभ्याबाहेरच्या बफर क्षेत्रातल्या एका रिसॉर्टवर रात्री साउंड लावला गेला. आमच्या एका मॅनेजरनं गाडीत बसता बसता गाइडला विचारलं, ‘‘आजची गॅरंटी किती टक्के?’’ त्या फेरीत रानकुत्र्यांच्या टोळीनं सांबर पाण्यात घातलं, आम्ही श्वास रोखून पाहिलं. गेटवर परत आल्यावर या गृहस्थांनी टिपेसाठी काढलेली नोट नीट घडी घालून पाकिटात परत ठेवली. वर म्हणाले, ‘‘आउटपुट नाही, तर पेमेंट कसलं?’’ गाइडनं मान खाली घालून वहीत सही घेतली.

त्या दिवसापासून पुढचं सगळं मला दिसायला लागलं होतं. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिची पाच पिल्लं दोन्हीकडून जिप्सींनी घेरली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, गाइड आणि चालक निलंबित झाले. योग्यच झालं. पण गाडीत उभं राहून ‘‘घ्या ना पुढं!’’ ओरडणाऱ्याचा पगार महिनाअखेरीस खात्यात जमा होतोच. २०२३ मध्ये ताडोबाच्या ऑनलाइन बुकिंगच्या पैशांत बारा कोटींच्या अपहाराचा गुन्हा चंद्रपुरात नोंदला गेला, त्यावर आमच्या ग्रुपवर चकार शब्द नव्हता. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबातल्या वनरक्षक स्वाती ढुमणे व्याघ्रगणनेच्या पायी फेरीत वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या, त्यावरही नव्हता. राज्यातले वाघ २००६ साली अंदाजे १०३ होते, २०२२ साली ४४४. ते अशांच्या पायपिटीमुळे वाढले, आमच्या लेन्समुळे नव्हे.

वाघडोह २०२२ च्या मे महिन्यात म्हातारा होऊन गेला. माया २०२३ च्या पावसाळ्यापासून दिसली नाही. दोन्ही वेळा स्टेटसला मेणबत्त्या लागल्या. तीच मंडळी मार्च २०२२ मध्ये चाकणच्या मर्सिडीजच्या कारखान्यात बिबट्या शिरला तेव्हा ‘हा आला कुठून?’ म्हणत होती. कुठून म्हणजे? चाकणच्या उत्तरेला जुन्नर-आंबेगाव-शिरूरच्या उसात तो पिढ्यान् पिढ्या वाढतोय. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, संतापलेल्या लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग अडवला आणि आमच्या लोकांची चर्चा ट्रॅफिकची. जनावराशेजारी जगणाऱ्यानं किंमत मोजायची आणि तिकीट काढणाऱ्यानं तक्रार करायची, हा रिवाजच पडलाय.

मोबाइल काढून घेतल्यानं हे सुधारणार नाही. रोग कुठे आहे, ते आमच्या पट्ट्यातल्या माणसाला तरी कळायला हवं. ज्या दशकात आम्ही ताडोबाला जात होतो, त्याच दशकात आमच्या शेडमधला कायम कामगार कमी होत गेला आणि ठेकेदाराचा माणूस वाढला. माणूस ठेक्यावर आला की तो नग मोजतो. काम शिकवायला, समजावायला त्याला सवड नसते. गाइडचंही तसंच. त्याला फेरीमागे पैसे मिळतात. मंगळवारी गाभा बंद, जुलै ते सप्टेंबर बंद, आणि वरची टीप वाघ दाखवला तरच. अशा माणसानं पंजाच्या ठशापाशी दहा मिनिटं थांबावं, असं आपण कुठल्या तोंडानं म्हणायचं?

तेव्हा मागणी सरळ आहे, आणि ती करायला युनियनच्या गावातल्या माणसाला लाज वाटायचं कारण नाही. प्रवेशशुल्कातून गाइडला महिन्याचा ठरलेला पगार द्या, पावसाळ्यातही द्या, आणि टीप बंद करा. गाडी पुढे दामटायला सांगणाऱ्या पर्यटकाचं नाव गेटवर लिहा आणि त्याला पुढचं बुकिंग नाकारा. एवढं झालं, तर ‘‘मग जायचं कशाला?’’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला गाइडला पुन्हा तोंड फुटेल.