मूठभर मातीची तहान

बालमित्रांनो, दुधाच्या रिकाम्या पिशवीत चिंचोके किंवा जांभळाच्या बिया रुजवून तुम्ही रोपे तयार केली असतील. मग चार दिवस मामाच्या गावाला जाऊन आलात आणि पाहता तर काय, रोपांनी माना टाकलेल्या!

असे का होते? अंगणातले झाड पाण्याच्या शोधात मुळे खोल पाठवते. पिशवीतल्या रोपाला मात्र मूठभर मातीवरच भागवावे लागते, आणि ती माती चहूबाजूंनी तापून पटकन सुकते.

म्हणून या मातीत पाणी धरून ठेवणारे काहीतरी मिसळतात. नारळाच्या सोडणापासून काथ्या काढताना तपकिरी भुसा उरतो, तेच कोकोपीट. स्पंजासारख्या बारीक छिद्रांत ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी साठवते.

हायड्रोजेलची गंमत आणखी वेगळी. त्याचे कोरडे दाणे पाण्यात फुगून जेलीसारखे होतात. माती सुकू लागली की मुळे त्यातले पाणी घेतात आणि दाणे आक्रसतात. पुन्हा पाणी घातले की पुन्हा फुगतात! बाळाच्या डायपरमध्येही याच जातीचा पदार्थ असतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तयार केलेले ‘पुसा हायड्रोजेल’ स्वतःच्या वजनाच्या किमान ३५० पट शुद्ध पाणी शोषते. म्हणजे १ ग्रॅम दाण्यांत चक्क ३५० ग्रॅम पाणी! खारट पाण्यात मात्र ते खूपच कमी फुगते.

पण जास्त घातले म्हणजे जास्त चांगले, असे नाही हं! माती सतत ओलीगच्च राहिली तर मुळे कुजतात. शिवाय हे दाणे पोटात गेले तर तिथेही फुगतात. म्हणून हायड्रोजेल मोठ्यांनीच हाताळावे आणि लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नये.

तुम्ही कोकोपीटचा प्रयोग करा. तळाला भोके पाडलेल्या दोन सारख्या पिशव्या घ्या. एकीत नुसती माती भरा. दुसरीत दोन वाट्या मातीला एक वाटी भिजवलेले कोकोपीट मिसळून भरा. दोन्हींत चवळी पेरा, शेजारी-शेजारी ठेवा आणि रोज मोजून सारखेच पाणी घाला. चार पाने फुटली की पाणी थांबवा. कोणते रोप आधी मान टाकते, ते तारखेसह वहीत लिहा आणि लगेच त्याला पाणी द्या.

लक्षात ठेवा, कोकोपीट काय किंवा हायड्रोजेल काय, पाणी तयार करत नाही. आपण घातलेलेच जपून ठेवते. पण तुमच्या रोपाला किती दिवस पाण्यावाचून तग धरता येतो, हे वहीतून नक्की कळेल. मग सुट्टीत गावाला जाताना शेजारच्या काकूंना अचूक सांगता येईल, “काकू, अमुक दिवशी पाणी घाला हं!”