आठ टॅपेट, आठ जागा

माझ्या मामांकडे १९७२ सालची अँबॅसिडर आहे, मार्क टू. मिरजेला घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी असते आणि आठवड्यातून एकदा तरी बाहेर पडते. गेल्या उन्हाळ्यात तिच्या इंजिनातून शिलाई मशीन चालावे तसा टिक् टिक् आवाज येऊ लागला. दुचाकी चालवणाऱ्यांना हा आवाज परिचयाचा असतो. ‘टॅपेट वाजतोय’ असे आपण म्हणतो आणि गॅरेजमध्ये जाऊन दहा मिनिटांत ‘टॅपेट सेटिंग’ करून घेतो. मामांनी ते दोनदा करून घेतले. दोन्ही वेळा आठवड्याभरात आवाज परत हजर. तिसऱ्यांदा मिस्त्री म्हणाले, “साहेब, हे सेटिंगचं काम नाही. टॅपेटच बदलावा लागणार.”

मी स्वतः पृष्ठभागांच्या घर्षणावर आणि झिजेवर काम करतो, पण प्रयोगशाळेत, चकचकीत नमुन्यांवर. सुट्टीसाठी मिरजेत होतो, म्हणून दोन दिवस मिस्त्रींच्या हाताखाली पाने देण्याचे काम पत्करले. त्या दोन दिवसांत जे पाहिले, त्यातले बरेचसे आठवी-नववीच्या वर्गात सांगण्याजोगे आहे.

आधी टॅपेट म्हणजे काय ते पाहू. त्या काळच्या अँबॅसिडरचे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन ब्रिटिश घडणीचे आहे. चार सिलिंडर, प्रत्येकाला दोन झडपा. एक झडप पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेते, दुसरी जळालेला वायू बाहेर सोडते. झडपा वर, हेडमध्ये असतात. त्या हलवणारा कॅमशाफ्ट मात्र खाली, ब्लॉकच्या कुशीत फिरत असतो. कॅम म्हणजे त्या दांड्यावरचा अंड्याच्या आकाराचा उंचवटा. प्रत्येक कॅमवर अंगठ्याएवढा, तळ बंद असलेला एक लोखंडी पेला टेकलेला असतो. हा टॅपेट. कॅमचे नाक वर आले की टॅपेट उचलला जातो, त्याच्या पोटात उभा असलेला पुशरॉड वर सरकतो, तो सी-सॉसारख्या रॉकरचे एक टोक उचलतो आणि रॉकरचे दुसरे टोक झडप खाली दाबून उघडते. झडप बंद करण्याचे काम स्प्रिंग करते. अमेरिकेत टॅपेटला ‘लिफ्टर’ म्हणतात आणि तिकडच्या कितीतरी गाड्यांत त्याच्या पोटात तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा असते. आपला टॅपेट ठोकळ्यासारखा साधा.

गंमत अशी, की ‘टॅपेट सेटिंग’ करताना टॅपेटला कोणी हातही लावत नाही. स्क्रू फिरवला जातो तो वरच्या रॉकरचा. रॉकर आणि झडपेची दांडी यांत मुद्दाम थोडी फट ठेवायची असते. या इंजिनात ती १५ थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा सहस्रांश, सुमारे ०.३८ मिलिमीटर. फट कशाला? पोलादाची दहा सेंटिमीटर लांबीची दांडी ३०० अंशांनी तापली तर किती वाढेल ते विद्यार्थ्यांना काढायला सांगा. प्रसरणांक ०.००००१२ धरला तर उत्तर ०.३६ मिलिमीटर येते. प्रत्यक्षात हेड आणि ब्लॉकही तापून वाढतात, त्यामुळे हा हिशोब ढोबळच. पण फट शून्य ठेवली तर गरम झडप पुरती मिटणार नाही आणि तिची कड जळेल, हे त्यावरून कळते. फट वाढली तर मात्र भाग एकमेकांवर आदळतात. तोच तो टिक् टिक् आवाज.

फट बरोबर असूनही आवाज येत असेल, तर दोष टॅपेटच्या तळाशी असू शकतो. तिथे काय चालते हे जरा सावकाश पाहण्याजोगे आहे.

कॅम गोलाकार आणि टॅपेटचा तळ जवळजवळ सपाट. पाटीवर लाटणे ठेवले तर दोघे एका रेषेतच टेकतात. भूमितीतल्या रेषेला रुंदी नसते. खऱ्या धातूला मात्र दाबाखाली किंचित चपटे व्हावेच लागते. ही चपटी पट्टी किती रुंद असेल, हे गणित हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८१ साली मांडले. रेडिओलहरींमुळे आपण ओळखतो तेच हर्ट्झ. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते आणि एकमेकांवर दाबलेली काचेची भिंगे कशी चपटी होतात या प्रश्नाने त्यांना पछाडले होते. त्यांचे सूत्र कॅमला लावले तर पट्टी मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढी निघते. धरून चालू की स्प्रिंगचा रेटा ६० किलोग्रॅम वजनाइतका आहे, पट्टी १२ मिलिमीटर लांब आणि ०.१५ मिलिमीटर रुंद आहे. क्षेत्रफळ झाले १.८ चौरस मिलिमीटर. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला ३,३०० किलोग्रॅमहून अधिक. आपल्या अंगावरचा हवेचा दाब एका चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोग्रॅम असतो.

असा दाब किती वेळा? ताशी साठ किलोमीटर वेगाला हे इंजिन मिनिटाला सुमारे २,४०० फेरे घेते. कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या गतीने फिरतो, म्हणजे सेकंदाला वीस फेरे. तासाभरात प्रत्येक टॅपेट ७२,००० वेळा उचलला जातो. पन्नास वर्षे तो टिकतो कसा, हाच खरा प्रश्न.

त्याचे एक उत्तर असे, की टॅपेट नुसता वर-खाली होत नाही, स्वतःभोवती फिरतोही. कॅम टॅपेटच्या बरोबर मध्याखाली बसवलेला नसतो, किंचित एका बाजूला असतो. घासताना तो टॅपेटला थोडे वळवतो आणि दर वेळी तळाचा वेगळा भाग पुढे येतो. याचा नमुना वर्गात सहज करता येतो. चपलांच्या रिकाम्या खोक्यातून सायकलचा जुना आरा आडवा आरपार घाला. झिजलेल्या रबरी चपलेतून अंड्याच्या आकाराचा कॅम कापून तो खोक्याच्या आत आऱ्यावर घट्ट बसवा. वर खोक्याला भोक पाडून शीतपेयाची नळी उभी चिकटवा आणि तिच्यातून संपलेली रिफिल सोडा. रिफिलच्या खालच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती चिकटवा आणि वरच्या टोकाला कागदाचे निशाण. चकती कॅमवर टेकली पाहिजे. आरा फिरवला की निशाण वर-खाली होईल. आता कॅम चकतीच्या मध्यापासून थोडा बाजूला सरकवा; निशाण गिरक्याही घेऊ लागेल. पुन्हा बरोबर मध्याखाली आणा. गिरक्या थांबतात, कारण मध्याच्या दोन्ही बाजूंचे ओढणे एकमेकांना काटते.

आता मामांच्या गाडीकडे. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी रेडिएटरचे पाणी सोडले. टॅपेट काढायला पाणी कशाला सोडायचे, असे मला वाटले. या इंजिनात रॉकर धरणाऱ्या नटांपैकी चार नट हेडलाही धरून ठेवतात. ते चारच सैल केले तर हेडवर असमान ताण येऊन ते वाकू शकते आणि पाणी सिलिंडरमध्ये उतरू शकते. म्हणून हेडचे सगळे नट क्रमाने, थोडे थोडे सैल करायचे. मग रॉकर वर काढायचे. पुशरॉड सरळ ओढायचा नाही, हलका पीळ देऊन काढायचा. तेलाच्या थरामुळे तो टॅपेटला चिकटलेला असतो आणि झटका दिला तर टॅपेटलाही सोबत घेऊन येतो. त्यानंतर कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड उतरवले की ब्लॉकच्या बाजूची दोन झाकणे दिसतात. ती उघडली की टॅपेट बोटांनी उचलून काढता येतात.

मिस्त्रींनी पुठ्ठ्याला आठ भोके पाडून रेडिएटरच्या बाजूने एक ते आठ आकडे घातले होते. प्रत्येक पुशरॉड आपल्या आकड्यात, प्रत्येक टॅपेट आपल्या आकड्यासमोर. मी एक टॅपेट उचलून निरखला आणि भलत्याच आकड्यासमोर ठेवला, तेव्हा त्यांनी मला लहान मुलाला सुनवावे तसे सुनावले.

त्यांचे बरोबर होते. कॅम आणि त्याचा टॅपेट एकमेकांना घासून एकमेकांच्या आकाराचे होतात. त्यांचे उंचवटे-खळगे, मायक्रॉनच्या मापात, परस्परांना जुळलेले असतात. टॅपेट दुसऱ्या कॅमवर ठेवला तर हे जुळणे संपते. दाब मूठभर ठिकाणीच एकवटतो आणि झीज नव्याने सुरू होते. नवा टॅपेट चांगल्या जुन्या कॅमवर चालून जातो, पण वापरलेला टॅपेट नव्या कॅमवर कधी घालू नये, असा जो दंडक आहे तो यामुळेच.

सातही टॅपेटचे तळ उजेडात धरल्यावर गोल गोल वर्तुळे दिसली, म्हणजे ते फिरत होते. सहाव्यावर मात्र एक सरळ चमकदार पट्टा होता आणि पट्ट्याच्या कडेला देवीच्या व्रणांसारखे खड्डे. तो फिरायचा थांबला होता. मामांना तेव्हा आठवले, की तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजात इंजिन उघडले होते आणि सगळे भाग एकाच घमेल्यात डिझेलमध्ये धुवायला टाकले होते. आठ टॅपेट आठ जागी ठेवण्याचे ४०,३२० प्रकार होतात. न पाहता उचलून ठेवले तर सगळे आपापल्या जागी पडण्याची शक्यता ४०,३२० त एक. सहाव्याचे दुखणे बहुधा त्या घमेल्यात सुरू झाले.

मग उरलेल्या सातांचे काय? त्यांची मूळ जागा शोधावी का, असे मामांनी विचारले. मी म्हटले, “मामा, आता त्याला अर्थ नाही. तीन वर्षांत ते आहेत तिथे रुळलेत. आता तीच त्यांची जागा.” मिस्त्रींनी मान डोलावली, दोन दिवसांत ही एकच वेळ.

सहावा कॅम मात्र तपासायला हवा होता. पुशरॉडच्या टोकाला डायल गेज लावून प्रत्येक कॅम किती उचलतो ते मोजले. सहावा इतरांच्या बरोबरीचा निघाला आणि त्यावर खड्डेही नव्हते. तो झिजलेला असता तर अख्खा कॅमशाफ्ट आणि आठही टॅपेट बदलण्यावाचून गत्यंतर नव्हते. अँबॅसिडरचे उत्पादन २०१४ साली बंद झाले. पुण्याला नाना पेठेतली चार दुकाने पालथी घातल्यावर नवे टॅपेट मिळाले. मिस्त्रींनी तीन मागवले होते, कारण त्यांतून निवडायचे होते. तेल लावलेला टॅपेट आपल्या भोकात केवळ स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली सरकला पाहिजे. पहिला अडकला, दुसरा धपकन पडला, तिसरा शहाण्यासारखा उतरला.

“हल्लीचं महागडं तेल घातलं होतं मी,” मामा म्हणाले. “त्यानं तर नाही ना झालं?” प्रश्न रास्त आहे. इतक्या दाबाखाली तेलाचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ होतो आणि धातूला धातू लागू शकतो. म्हणून १९४० च्या दशकापासून तेलात जस्त, फॉस्फरस आणि गंधक असलेले एक संयुग मिसळतात. ते घासणाऱ्या जागी विघटित होऊन काचेसारखा फॉस्फेटचा थर बनवते, जाडी साधारण शंभर नॅनोमीटर. २०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपच्या सुईने हा थर वाढताना प्रत्यक्ष पाहिला. जिथे दाब जास्त तिथे तो जलद वाढतो, आणि पुरेसा जाड झाला की थांबतो. पण फॉस्फरस धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला निकामी करतो. त्यामुळे २००४ च्या अमेरिकन मानकांनी पातळ तेलांतील त्याची मर्यादा ०.१० वरून ०.०८ टक्क्यांवर आणली. नव्या इंजिनांना ते पुरते; जुन्या सपाट टॅपेटच्या इंजिनाला जस्त जास्त असलेले घट्ट तेल घालणे शहाणपणाचे. तरी एका टॅपेटवरून तेलाला गुन्हेगार ठरवता येणार नाही. तेल आठांनाही तेच मिळत होते.

सगळे परत जोडल्यावर फटी लावायच्या होत्या. ज्या झडपेची फट लावायची तिच्या कॅमचे नाक पूर्ण खाली हवे. आणि कॅम तर आत दडलेला. मिस्त्रींचे सूत्र असे: नऊमधून वजा करा. आठवी झडप पूर्ण उघडली असेल तेव्हा पहिलीची फट लावा, सहावी उघडी असेल तेव्हा तिसरीची. याचे कारण विद्यार्थी शोधू शकतील. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरचे दट्टे एकदमच वर-खाली होतात, पण कामात एका पूर्ण फेऱ्याचे अंतर असते; दुसऱ्या-तिसऱ्याचेही तसेच. क्रँकशाफ्टचा एक फेरा म्हणजे कॅमशाफ्टचा अर्धा, म्हणून जोडीतल्या एका कॅमचे नाक वर असताना दुसऱ्याचे नेमके खाली. झडपांचा क्रम दोन्ही टोकांकडून सारखाच असल्याने जोडीच्या आकड्यांची बेरीज नेहमी नऊ.

इंजिन सुरू झाल्यावर मामांचा हात सवयीने ॲक्सिलरेटरवरून निघाला. मिस्त्री ओरडले, “सोडू नका साहेब, वीस मिनिटं दोन हजारावर धरा!” नव्या टॅपेटला सर्वांत जड जाते ते मंद चालणारे इंजिन. वेग असला की वर फेकला जाणारा टॅपेट आपल्या जडत्वामुळे कॅमच्या नाकावरचा स्प्रिंगचा भार थोडा कमी करतो, शिवाय तेलाचे शिंतोडेही भरपूर उडतात. मंद गतीत दोन्ही नाही. वीस मिनिटे आम्ही तिघे कान देऊन उभे होतो. इंजिन थंड झाल्यावर फटी पुन्हा पाहिल्या, आणि पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. सहावी पंधरा थाऊवर होती.