धुराला वाट

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जी जुनी मराठी घरे अद्याप उभी आहेत, त्यांच्या स्वयंपाकघरात गेल्यावर मान वर करून पाहावे. दगडी पट्ट्यांच्या छताखाली एखादा झरोका किंवा धुराडे बहुधा आढळते. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ १८१० साली येथे पडला आणि त्या छावणीचेच पुढे शहर झाले. घरे बांधणाऱ्यांना एवढे शास्त्र ठाऊक होते की, ऊन धूर वर चढतो, म्हणून त्याची वाट वरच ठेवावयाची. अर्थात् तेवढ्याने भिंती काळ्या व्हावयाच्या राहिल्या नाहीत, आणि चुलीपुढे बसणाऱ्या बायकांचे डोळेही लाल व्हावयाचे राहिले नाहीत.

धूर नळीने घराबाहेर न्यावा हा विचारही आपल्याकडे जुनाच आहे. वर्ध्याच्या मगनवाडीची 'मगन चूल' पुष्कळांनी ऐकलेली असेल. हैदराबादचे अभियंते डॉ. एस. पी. राजू यांनी तर ह्याच विषयावर १९५३ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे गॅस आला, लाकडाचा धूर गेला आणि लोकांची समजूत झाली की, प्रश्न मिटला. पण फोडणीचा ठसका, तळणीची वाफ आणि खुद्द ज्योतीतून निघणारे वायू कोठे जाणार? येथील उन्हाळ्यात लू वाहते, धूळ उडते. म्हणून जुने झरोके कित्येक घरांत विटा लावून बुजविले गेले. त्या बंद खोलीत आता विजेवर चालणारे धूरशोषक यंत्र बसविण्यात येते. बाजारात त्याला 'चिमणी' म्हणतात. नाव लहान आहे, परंतु यंत्र मोठे दांडगे आहे, आणि ते चुकीच्या जागी बसविल्यास उपकारापेक्षा अपकारच अधिक.

दुकानदार यंत्राची ओढ सांगतो : ताशी १,००० घनमीटर, १,२०० घनमीटर. आता दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा स्वयंपाकघरात हवा मावते ती ८०० घनफूट, म्हणजे सुमारे २३ घनमीटर. यंत्राने सांगितल्याप्रमाणे खरोखरच हवा ओढली, तर त्या खोलीतील सगळी हवा तासाला चाळिसाहून अधिक वेळा बदलली पाहिजे. ही बदली हवा येणार कोठून? दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या असतील, तर यंत्र नुसते घरघरत राहते. धूर जेमतेम जातो आणि गृहिणी यंत्राला दोष देते. शेगडीपासून दूरच्या बाजूची एखादी खिडकी चार बोटे उघडी ठेवली, की तेच यंत्र गुण दाखवू लागते.

परंतु बंद खोलीतील खरा धोका निराळाच आहे. डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरची थंडी बोचरी असते. दारे लावून घरात कोळशाची शेगडी पेटविली जाते, किंवा शेजारच्या न्हाणीघरात गॅसवर पाणी तापत असते. अशा वेळी यंत्राला बाहेरून हवा मिळाली नाही, तर ते ती घरातूनच ओढते, आणि न्हाणीघरातील बंबाचे वायू उलटे घरात येऊ शकतात. त्यांत कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. ह्या वायूला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून बसतो. डोके जड होते, झापड येते, आणि माणूस थंडीची गुंगी समजून आडवा होतो. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवूच नये. चिमणी चालू आहे हे काही त्यावरचे संरक्षण नव्हे.

दुसरा गैरसमज गळतीविषयी आहे. गॅसचा वास आला की, घाईने चिमणीचे बटण दाबणारी माणसे आहेत. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत साचतो, वर टांगलेल्या यंत्राकडे सहसा चढत नाही. उलट बटणाची ठिणगी मात्र त्याला पुरते. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, कोणत्याही बटणाला हात लावू नये आणि बाहेर जाऊन १९०६ ह्या क्रमांकावर कळवावे.

आता बसविण्याविषयी. शेगडी आणि यंत्र यांत सामान्यतः ६५ ते ७५ सेंटिमीटर अंतर असते. नक्की आकडा यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत पाहावा. अंतर कमी पडले, तर जाळीतील तेल पेट घेऊ शकते. नळी सहा इंची सांगितली असेल, तर सहा इंचीच घालावी. जुनी दगडी भिंत फोडणे कष्टाचे, म्हणून कारागीर चार इंची भोकावर भागवू पाहतो. व्यासात फरक दोनच इंचांचा दिसतो, पण मार्ग निम्म्याहूनही अरुंद होतो, हे वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे गणित त्याला कोणी शिकविलेले नसते. नळी आखूड, धातूची, आतून गुळगुळीत आणि कमीत कमी वळणांची असावी. तिचे तोंड उघड्या हवेतच निघाले पाहिजे. माळ्यावर किंवा दोन भिंतींतील पोकळीत ते सोडून दिले, तर जुन्या लाकडावर तेलाचा थर बसत जातो, आणि तो पेटावयाला वेळ लागत नाही. मे-जूनमधील लू पश्चिमेकडून येते. त्यामुळे तोंड त्या बाजूला नसलेले बरे. तसेच वारा आत येऊ न देणारी झडप हवीच. कबुतरांसाठी जाळी लावावी, पण बारीक नको, ती चिकटपणाने बुजते.

नळीशिवाय चालणारी यंत्रेही मिळतात. त्यांतील कोळसा वास शोषतो. वाफ, उष्णता आणि विषारी वायू मात्र खोलीतच राहतात. भाड्याच्या घरात इलाज नसेल तर ठीक, एरव्ही ती घेऊ नयेत. जोडणी अर्थिंग असलेल्या तीन छिद्रांच्या सॉकेटातच करावी. आणि आतील जाळी, घरात रोजचे तळण असेल तर, दोन-तीन आठवड्यांनी काढून, गरम पाणी व साबणाने धुवून, पूर्ण सुकल्यावरच परत बसवावी. त्याआधी मुख्य बटण बंद आहे ना, हे पाहावे.