भिंतीतील ओल

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांत घरांच्या भिंती पावसाळ्याचे चार महिने भिजत असतात. २६ जुलै २००५ रोजी तर सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. अशा पावसात गिलाव्याच्या केसाएवढ्या भेगेतूनही पाणी आत शिरते. शोभेसाठी लावलेल्या दगडांमागे ते साचून राहते. ते लोखंडी सळ्यांपर्यंत पोचले, की सळ्या गंजून फुगतात, काँक्रीट फुटते आणि घरातील माणसांच्या जिवावर बेतते.

ओलीवर नुसता रंग चढविल्याने दोष झाकला जातो, नाहीसा होत नाही. म्हणून जाणता गवंडी आधी भेगा बुजवितो, खिडक्यांवर छज्जे काढतो आणि दगडांमागील पाण्यास खालून वाट ठेवतो. पाणी अडवावे, तरी आत आलेच, तर त्यास बाहेर जाऊ द्यावे.