स्टेनगन आणि कार्बाईन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत पोलिसांच्या खांद्याला वर्षानुवर्षे दिसत आलेल्या आखूड, काळ्या, छिद्रांच्या नळीच्या बंदुकीला लोक सर्रास ‘स्टेनगन’ म्हणतात. प्रत्यक्षात ती असते ९ मिलिमीटर कार्बाईन १ए१, म्हणजे ब्रिटिश स्टर्लिंग सबमशीनगनची कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत १९६०च्या दशकापासून बनू लागलेली भारतीय आवृत्ती. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींच्या हत्येत वापरलेले शस्त्रही वर्तमानपत्रांतून ‘स्टेनगन’ म्हणूनच घराघरांत पोहोचले. ते स्टर्लिंग जातीचे होते. या दोन बंदुकांची अशी सरमिसळ झाल्यामुळे एकीचे दोष दुसरीच्या माथी मारले जातात, आणि एकीची कीर्ती दुसरीला चिकटते.

ओळखायची खूण सोपी आहे. दोन्हींचे मॅगझिन डाव्या बाजूला आडवे बसते. स्टेनचे मॅगझिन सरळ, ३२ काडतुसांचे. स्टर्लिंगचे बाकदार, ३४ काडतुसांचे. स्टेन म्हणजे जवळजवळ पाण्याच्या पाइपाला जोडलेला साधा लोखंडी दस्ता. स्टर्लिंगच्या बॅरलवर पुढच्या टोकापर्यंत छिद्रांचे आवरण असते आणि दस्ता खालून पुढे दुमडतो.

सर्वांत पक्का बसलेला समज असा की, ब्रिटिश सबमशीनगन हमखास अडकतात. तो समज स्टेनमुळे पसरला आणि त्यात तथ्यही आहे. दुसऱ्या महायुद्धात डंकर्कच्या माघारीनंतर ब्रिटनला झटपट, स्वस्त आणि प्रचंड संख्येने शस्त्रे हवी होती. रेजिनाल्ड शेफर्ड आणि हॅरोल्ड टर्पिन यांनी १९४१ मध्ये एनफिल्ड येथे स्टेनचा आराखडा केला. तिचे सुटे भाग लहानसहान कारखान्यांतही बनवता येत. एक प्रकार तर खेळणी बनवणाऱ्या लाइन्स ब्रदर्स कंपनीने तयार केला. युद्ध संपेपर्यंत सुमारे ४० लाख स्टेन बनल्या. एवढ्या घाईत बनलेल्या बंदुकीत त्रुटी राहणारच. पण खरा दोष बंदुकीत कमी आणि मॅगझिनमध्ये जास्त होता. त्यात काडतुसे दोन रांगांत बसत आणि तोंडाशी येताना एकाच रांगेत दाबली जात. तिथे धूळ साचली किंवा पत्र्याच्या कडा किंचित वाकल्या, तरी काडतूस तिरके होऊन अडके. म्हणून अनुभवी सैनिक ३२ ऐवजी २८ ते ३० काडतुसेच भरत. मॅगझिन मुठीत धरून झाडण्याच्या सवयीनेही ते ढिले होई. २७ मे १९४२ रोजी प्राग शहरात नाझी अधिकारी राइनहार्ड हायड्रिखवर झालेल्या हल्ल्यात हल्लेखोर योझेफ गाब्चिक याची स्टेन ऐन क्षणी चाललीच नाही. स्टेनची बदनामी जगभर झाली ती अशा प्रसंगांनी.

स्टर्लिंगने हा दोष मुळातून दूर केला. जॉर्ज पॅचेट या अभियंत्याने डॅगनम येथील स्टर्लिंग कंपनीत युद्धकाळातच हा आराखडा सुरू केला. त्याच्या मॅगझिनमध्ये काडतुसे शेवटपर्यंत दोन रांगांतच राहतात, आणि त्यांना वर ढकलणाऱ्या भागाला लहान रूळ जोडलेले असल्याने घर्षण कमी होते. बोल्टवर, म्हणजे काडतूस नळीत ढकलणाऱ्या आतल्या भागावर, मळसूत्रासारख्या तिरप्या कडा कोरल्या आहेत. बोल्ट मागेपुढे होताना आतली माती आणि काजळी त्या कडा बाजूला सारतात. ब्रिटिश सैन्याने ही बंदूक १९५३ मध्ये स्वीकारली आणि जवळपास चार दशके वापरली. धूळ, चिखल, वाळू यांत तिने मिळवलेले नाव खरे आहे. मात्र ‘स्टर्लिंग कधीच अडकत नाही’ ही अतिशयोक्ती आहे. झिजलेली स्प्रिंग, चेपलेले मॅगझिन आणि जुनी, दमट काडतुसे यांपुढे कोणतीही बंदूक हार मानते. दशकानुदशके वापरात राहिलेल्या कार्बाईनच्या तक्रारींचा विचार करताना आराखडा आणि झीज यांत फरक करायला हवा.

जमिनीवर पडली की आपोआप गोळी सुटते, हा आरोप स्टेनबाबत खरा आहे. भरलेले मॅगझिन लावलेले असताना ती दस्त्यावर आपटली, तर जड बोल्ट झटक्याने मागे जाऊन काडतूस उचलू शकतो आणि पुढे येताच गोळी उडते. नंतरच्या प्रकारांत बोल्ट पुढच्या स्थितीत अडकवण्याची सोय केली गेली. खोलीत फेकली की सगळे मॅगझिन रिकामे करते, ही मात्र रंगवलेली गोष्ट.

आखूड बंदूक म्हणून कार्बाईन दाट जंगलाला योग्य, असेही मानले जाते. सांभाळायला ती सोपी आहे, वजन रिकामी असताना सुमारे २.७ किलो. पण तिची गोळी पिस्तुलाची आहे. शंभर मीटरच्या पुढे ती झपाट्याने निष्प्रभ होते, आणि बांबूची बेटे, सागाचे बुंधे यांआडच्या लक्ष्यावर तिचा उपयोग फार थोडा. म्हणूनच गडचिरोलीतील माओवाद्यांशी संघर्ष रायफलींनी लढला गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या नावाने ओळखला जाणारा माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव आणि त्याच्या सुमारे साठ साथीदारांनी गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. त्या ५४ शस्त्रांत सात एके-४७ आणि नऊ इन्सास रायफली होत्या. कार्बाईनची खरी जागा पहारा, वाहनातील अंगरक्षण आणि ठाण्याची सुरक्षा ही.

भद्रावतीच्या आयुध निर्माणीत बंदुका बनतात, असेही चंद्रपूरबाहेर अनेकांना वाटते. तेथे बनतो तो दारूगोळा : तोफगोळे आणि पिनाक अग्निबाणांसारखा मोठा माल.

संग्राहकांबद्दलचा गोंधळ याहून घातक आहे. परदेशी चित्रफिती पाहून अनेकांना वाटते की स्टर्लिंग कोणीही विकत घेऊन भिंतीवर लावू शकतो. अमेरिकेत मे १९८६ पूर्वी नोंदलेल्या मोजक्या स्वयंचलित बंदुकाच खासगी व्यक्तींमध्ये हस्तांतरित होतात. म्हणून त्या अतिशय महाग आहेत. खुद्द ब्रिटनमध्ये चालत्या स्वयंचलित बंदुका सामान्य नागरिकांना वर्ज्य आहेत आणि तिथले संग्राहक निकामी केलेले नमुने जमवतात. स्टर्लिंगला अशा वर्तुळांत मान आहे तो उत्तम घडणीमुळे, आणि १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील सैनिकांची बंदूक हिच्यावरच रचली होती म्हणूनही. स्टेनला मान आहे तो इतिहासामुळे.

भारतात यातले काहीही लागू नाही. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे चाप दाबून ठेवला की सलग गोळ्या झाडणारी बंदूक ‘निषिद्ध शस्त्र’ ठरते. तिला नेहमीचा परवाना मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती बेकायदा बाळगण्यास किमान ७ आणि कमाल १४ वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. ‘जुनी, गंजलेली, आजोबांच्या काळची’ हा बचाव तेव्हाच टिकतो, जेव्हा शस्त्र दुरुस्त करूनही चालण्यासारखे उरलेले नसते. स्टेन तर इतकी साधी आहे की गंजलेल्या नमुन्याबाबत हे सिद्ध करणे कठीण. गडचिरोलीच्या खेड्यांत शिकारीसाठी ठेवलेली ठासणीची भरमार बंदूक निषिद्ध वर्गात येत नाही, पण तिलाही परवाना लागतोच, मग ती गावच्या लोहाराने घडवलेली असो वा पिढीजात असो.

जंगलात पुरलेले शस्त्र सापडले, तर त्याच्याजवळ स्फोटके असण्याची शक्यता असते. ते उचलू नये, उघडून पाहू नये, घरी आणू नये. जागा लक्षात ठेवून मागे फिरावे आणि लगेच जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा पोलीस मदत केंद्राला कळवावे.