सुगरणीची उपजत विद्या



पावसाळ्यांत डहाणूहून तलासरीकडे जातांना शिंदीच्या झाडांकडे अवश्य पाहावें. त्या भागांत त्यांस खजुरी म्हणतात. झावळ्यांच्या टोकांना सुगरण पक्ष्याचीं घरटीं वाऱ्यावर झोंके घेत असतात. वर फुगीर पोट, खालीं उतरती नळी, आंत पिलें सुखरूप. पाहणारा सहज विचारतो, हें विणकाम या पांखराला शिकविलें कोणीं?

प्रथम एक गैरसमज दूर करूं. नांव सुगरण असलें तरी विणणारा नर असतो. सलीम अली यांनीं 1930 सालीं अलिबागजवळ किहीम येथें या पक्ष्यांचें बारकाईनें निरीक्षण केलें. नर पानांच्या हिरव्या पट्ट्या चोंचीनें फाडून आणतो आणि अर्धें घरटें विणून थांबतो. मादी येऊन तें तपासते. तिला पसंत पडलें तरच तो तें पुरें करतो, आणि मग दुसऱ्या मादीसाठीं दुसरें घरटें विणावयास घेतो.

ही रीत पिढ्यान् पिढ्या टिकते, कारण तिचें मूळ जनुकांत आहे. जनुकें म्हणजे आईबापांकडून पिलाला मिळणारे आनुवंशिक घटक. पिसांच्या रंगाप्रमाणेंच मेंदूच्या घडणीवरही त्यांचा प्रभाव असतो, आणि त्या घडणींतून ओढ व संवय उपजते. मात्र एका जनुकांत एक घरटें सांठविलेलें असतें, असें कोणीं समजूं नये. अशा वर्तनामागें अनेक जनुकें मिळून काम करतात.

याचा एक बोलका दाखला अमेरिकन शास्त्रज्ञ डिल्गर यांनीं 1962 सालीं प्रसिद्ध केला. लव्हबर्ड नांवाच्या लहान पोपटांची एक जात घरट्याच्या पट्ट्या कमरेच्या पिसांत खोंचून नेते, दुसरी चोंचींत धरून नेते. दोहोंच्या संकरांतून जन्मलेले पक्षी पट्टी खोंचूं पाहत आणि ती गळून पडे. दोन वारसे जणूं एकाच देहांत भांडत होते. सुमारें 3 वर्षांनीं ते पट्टी चोंचीनें नेण्यांत तरबेज झाले, तरी मान मागें वळविण्याची खोड पुरती गेली नाहीं.

मग शिक्षणाला कांहींच स्थान नाहीं काय? आहे. कॉलियास दांपत्यानें आफ्रिकेंतील विणकर पक्ष्यांचीं कांहीं पिलें विणण्याच्या साहित्यावांचून वाढविलीं व 1964 सालीं निष्कर्ष मांडला. मोठेपणीं हिरव्या पट्ट्या मिळतांच त्या नरांना विणण्याची ओढ लागली, पण हात म्हणा, चोंच म्हणा, वळेना. ज्यांनीं लहानपणापासून पानांशीं खेळ केला होता, ते पुढें गेले. आपल्या सुगरणीचे तरुण नरही आधीं वेडींवांकडीं घरटीं विणतात.

सारांश, जनुकें ओढ देतात. कौशल्य सरावानें येतें. आणि सरावाला पान हवें, फांदी हवी. बांधावरची शिंदी तोडली, तर पांखराची जनुकें त्याच दिवशीं बदलत नाहींत. त्या नराला विणण्याची ओढ पुढल्या पावसाळ्यांतही लागेलच. पट्टी फाडावयास पान आणि घरटें टांगावयास झावळी मात्र त्याला अन्यत्र शोधावी लागेल. लक्षावधि वर्षांचा वारसा जपण्यास आपणांकडून फार कांहीं लागत नाहीं. बांधावरचें झाड तेवढें उभें राहूं द्यावें.